समुद्राकडे पाठ

आर्लिस टॉलेफसनला समुद्राची भीती वाटते असं कुणी म्हटलं असतं, तर ऑरेगनच्या त्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं. बाईचा बाप कोळी, दोन्ही भाऊ कोळी, आणि ती स्वतः एकतीस वर्षं कोळंबीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिलेली. सोललेल्या कोळंबीतून नखाएवढं राहिलेलं कवच हेरायचं आणि उचलून टाकायचं, हे तिचं काम. तिथली मुकादमीण महाकडक, पण तीही म्हणायची की आर्लिसच्या नजरेतून सुटलं ते कवच नव्हेच. एवढा त्या डोळ्यांचा लौकिक. आणि एक्काहत्तराव्या वर्षी हीच बाई रोज सकाळी समुद्राला भीत भीत स्वेटर चढवत होती. चार महिने तिनं ते कुणालाही कळू दिलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याचं नाव मर्व्हिन. हा गडी लाकूड कापायच्या गिरणीत करवतीवर होता. त्याच्या पंचावन्नाव्या वर्षी गिरणी बंद पडली आणि त्यानं बाटली जवळ केली. पुढची दोन वर्षं त्यानं घराचं जे करून ठेवलं ते उगाळण्यात अर्थ नाही. आर्लिस तेव्हा कामावरून आली की दारात थांबून आधी कानोसा घ्यायची, आत शिरायचं की शेजारणीकडं जायचं ते ठरवायला. मग एका मित्रानं आपल्या अडगळीतलं दगड घासायचं यंत्र त्याला देऊन टाकलं. दिसायला काही नाही त्यात. दोन रूळ, एक मोटर आणि रुळांवर गरगरणारं, रंगाच्या डब्याएवढं रबरी पिंप. पिंपात किनाऱ्यावरचे खडे भरायचे, पाणी आणि कुरुंदाची भरड घालायची आणि आठवडाभर फिरवत ठेवायचं. मग सगळं धुऊन त्याहून बारीक पूड घालायची, पुन्हा एक आठवडा. असे चार आठवडे. पहिला घाणा निघाला तेव्हा मर्व्हिन इतका गप्प झाला की आर्लिसला वाटलं, याला झटका आला. मधासारखे पिवळे अकीक, काही धुरकट, काही आतून पट्ट्यापट्ट्यांचे; आणि लाल, हिरवे, मोहरीच्या रंगाचे जॅस्पर. त्या दिवसापासून बाटली सुटली ती सुटली. गॅरेजमधली घरघर चौदा वर्षं रात्रंदिवस चालू होती, आणि आर्लिसच्या लेखी घरघर ऐकू येतेय म्हणजे नवरा शुद्धीत आहे.

आता हे खडे वेचायची एक तऱ्हा असते, आणि घोडं पेंड खातं ते तिथंच. अकीकातून उजेड आत शिरतो. ओल्या खडीत हजार दगड पडलेले असतात, सगळे सारखेच करडे. पण उन्हाकडं तोंड करून चाललं की त्यातला अकीक तेवढा आतून पेटतो. जॅस्परचं उलटं. त्यातून उजेड जात नाही, त्याचा रंग बघायचा तर ऊन पाठीवर हवं. मर्व्हिन अकीकवाला, आर्लिस जॅस्परवाली. दुपारची ओहोटी मोठी असते, पण तेव्हा गावातले झाडून सगळे खडेवेचे खाली उतरतात, म्हणून मर्व्हिनला सकाळची लहान ओहोटी पसंत. आणि सकाळी ऊन येतं डोंगराकडून. म्हणजे अकीक वेचणाऱ्याचं तोंड डोंगराकडं आणि पाठ थेट समुद्राकडं.

समुद्राकडं पाठ करू नये हे तिथं पोराला चालायला यायच्या आधी शिकवतात, आणि शहाणीसुरती म्हातारी माणसं एका पिवळ्या खड्यापायी नेमकं तेच करतात. कारण तिथं चोरलाट येते. वीस-पंचवीस मिनिटं समुद्र गरीब गायीसारखा असतो, आणि मग एक लाट येते ती थांबतच नाही. थेट कड्याच्या पायथ्यापर्यंत चढते, आणि येताना गाडीएवढे ओंडके घेऊन येते. दर हिवाळ्यात ती कुणाला ना कुणाला नेते.

या दोघांनी त्यावर तोड काढली होती. जॅस्परवालीचं तोंड आपसूकच समुद्राकडं, म्हणून पहारा तिचा. लाट दिसली की तिनं 'वर' म्हणून ओरडायचं आणि दोघांनी कड्याला लागून असलेल्या लाकडी पायऱ्यांकडं पळायचं. मागं वळून बघायचं नाही, वळण्यात दोन पावलं जातात. चौदा वर्षांत मर्व्हिननं एकदाही वळून बघितलं नव्हतं. त्याची पाठ तिच्या हवाली होती, आणि ती डोळ्यांत तेल घालून उभी असायची.

ऑक्टोबरात एके दिवशी न्याहारीला तिनं मर्व्हिनकडं सरळ बघितलं आणि त्याला तोंडच नव्हतं. टोपी होती, कान होते, मध्ये नुसता करडा डाग.

"काय गं, भूत बघितल्यासारखं काय बघतेस?" डाग म्हणाला.

"तोंडाला अंडं लागलंय तुझ्या."

अंडं लागलं होतं की नव्हतं, तिला काय ठाऊक. त्यानं मुकाट्यानं तोंड पुसलं. तिनं मान जराशी वळवून कडेनं बघितलं, तेव्हा तोंड परत आलं. हातातल्या कपातली कॉफी बशीत सांडली होती, तीही तिला आत्ता दिसली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडं मर्व्हिननंच तिला नेलं आणि स्वतः बाहेर गाडीत बसून राहिला. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला. दोन्ही डोळ्यांचा पडदा मध्यभागी झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. गेलेलं परत येणार नाही आणि चष्म्यानं काही होणार नाही.

"कोण आहे का घरी? त्यांना बोलवा, समजावून सांगतो."

"मी सांगते त्याला," आर्लिस म्हणाली, आणि बाहेर येऊन मर्व्हिनला म्हणाली की नंबर वाढलाय, बाकी काही नाही.

खोटं बोलायची सवय नव्हती तिला. पण खरं बोललं तर काय होईल ते तिला लख्ख दिसत होतं, त्याला डोळे लागत नाहीत. एक तर मर्व्हिन किनारा सोडणार. मग दगड नाहीत, पिंप नाही, गॅरेजमध्ये शांतता, आणि शांत गॅरेजात मर्व्हिन काय करतो ते तिनं दोन वर्षं भोगलं होतं. नाहीतर तो म्हणणार, तू घरी बस, मी एकटा जातो. आणि एकटा गेला तरी तोंड उन्हाकडंच करणार, कारण हा माणूस हट्टाचा पुतळा. इकडे आड, तिकडे विहीर. मग तिनं ठरवलं की तिसरंच करायचं. गप्प बसायचं आणि कडेच्या नजरेनं पहारा द्यायचा.

ते चार महिने कसे गेले ते तिचं तिला माहीत. समुद्राकडं सरळ बघितलं की मधली लाट गायब. म्हणून ती उजवीकडं बघून डावी बाजू धरायची, डावीकडं बघून उजवी. मान सारखी हलवत राहायची. जॅस्पर वेचायचं तर तिनं सोडूनच दिलं होतं; मर्व्हिनला संशय नको म्हणून हाताला लागेल तो लालसर दगड पिशवीत टाकायची. जरा पाणी चढल्यासारखं वाटलं की ती ओरडायची, "वर."

मर्व्हिन पळायचा. दर वेळी पळायचा. पायऱ्यांवर चढून धापा टाकत बघायचा, तर खाली फेसाची एक पातळ रेघ.

"ही लाट? अगं, ह्यात माझे बूटसुद्धा भिजले नसते."

"मोठी वाटली."

"आज सहाव्यांदा मोठी वाटली. म्हातारपणी भित्री भागूबाई झालीस की काय? तुझा बाप वर बसून कपाळावर हात मारत असेल."

"मारू दे. तू पळतोस ना, तेवढं बास."

"पळतो बाई. गुडघे माझे, हुकूम तुझा."

त्याला चीड यायची पण तो तिचं ऐकायचा, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त भीती. तो चिडून म्हणाला असता की जा, मी आता स्वतःच बघतो, तर ती सुटली असती. पण त्याचा विश्वास तसूभर हलत नव्हता. तो खाली जाऊन पुन्हा पाठ करून वाकायचा, खडा उचलून जिभेनं चाटायचा, रंग बघायचा, आणि मागं ती उभी. आणि तिच्या समोर अर्धा समुद्र नाही.

जानेवारीत एक घाणा बिघडला. शेवटच्या आठवड्यासाठी पिंपात घालायच्या आधी एकेक खडा दिव्याखाली धरून तपासायचा असतो. ज्याला बारीकशी चीर असेल तो बाजूला काढायचा, कारण चिरेत पहिल्या आठवड्याची भरड अडकून राहते, आणि तसा एक दगड सगळ्या पिंपाला ओरखडे पाडतो. ही तपासणी चौदा वर्षं आर्लिसची. महिना संपल्यावर मर्व्हिननं पिंप उघडलं तर आत सगळे खडे आंधळे. एकालाही झिलई नाही. त्यानं दोन-चार उचलून अंगठ्यानं चोळले आणि खाली ठेवले.

"माझीच चूक. पिंप नीट धुतलं नाही मी. हात थरथरतात हल्ली, कोपऱ्यात राहिली असणार भरड."

आर्लिसनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते. पण त्यानं मान खाली घातली होती, आणि मग ती वर केली तेव्हा वरच्या फळीवर जिथं पूर्वी बाटल्या असायच्या तिथं त्याची नजर गेली असं तिला वाटलं. खरंच गेली की नाही ते तिला दिसणं शक्यच नव्हतं. पण भीतीला कुठं पुरावा लागतो.

"होतं असं कधीकधी," ती म्हणाली.

तो झोपल्यावर तिनं एकेक खडा नखानं चाचपला. सत्तावीस-अठ्ठावीस झाले असतील, मग एका जॅस्परवर नख अडकलं. केसाएवढी चीर. तो दगड तिनं मागच्या कुंपणापलीकडं भिरकावून दिला आणि स्वैपाकघरात येऊन रडली. मर्व्हिनची चूक नव्हती, आणि ते त्याला सांगायची तिची छाती नव्हती. आज दगड सुटला, उद्या लाट सुटेल, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं.

फेब्रुवारीत तीन दिवस वादळ झालं. वादळ गेलं की वाळू वाहून जाते आणि खालची खडी उघडी पडते; वर्षात एक-दोनदाच असा योग. चौथ्या दिवशी आभाळ निवळलं. मर्व्हिन तांबडं फुटायच्या आत बूट घालून तयार.

"आज नको," आर्लिस म्हणाली. "माझा गुडघा दुखतोय."

"मग गाडीत बस. मी येतो जाऊन."

"गाडीत बसून तुझी पाठ कोण बघणार?"

"मग चल की. अगं, उद्या सगळा गाव उतरेल तिथं. अर्धा तास फक्त."

"मर्व्ह, मला तुला एक सांगायचं होतं."

"वाटेत सांग."

वाटेत तोच बोलत राहिला. खडेवेच्यांच्या क्लबचं प्रदर्शन एप्रिलमध्ये, बिघडलेल्या घाण्याच्या जागी नवा घाणा घालायला एवढाच मोका, अमुक साली अशाच वादळानंतर अंड्याएवढा अकीक कसा मिळाला होता. तिनं दोनदा घसा खाकरला. तोवर पायऱ्या आल्या.

खाली समुद्र अजून वादळातून सावरला नव्हता. आवाजानं कान भरून गेले. मोठमोठे ओंडके, मुळांसकट उपटलेले बुंधे, इकडंतिकडं पडले होते. ऊन टेकडीवरच्या झाडांमधून खाली आलं आणि खडी चमकायला लागली. मर्व्हिननं टोपी मागं सारली, उन्हाकडं तोंड केलं आणि वाकला. आर्लिस पायऱ्यांपासून वीसेक पावलांवर उभी राहिली. तिनं मनातल्या मनात देवाला सांगितलं की आजचा दिवस काढ, आज घरी जाऊन सगळं सांगते. हे ती रोजच सांगायची.

"आर्लिस, खजिना आहे नुसता इथं, खजिना."

"लांब जाऊ नकोस."

तिनं मान उजवीकडं केली, डावीकडं केली. समुद्र बघायचा तर मर्व्हिन सुटतो, मर्व्हिन बघायचा तर समुद्र सुटतो. पूर्वी दोन्ही एका नजरेत मावायचं. त्याचं तपकिरी जाकीट दिसलं, मग दिसेना, मग खाली पाण्याच्या बाजूला पुन्हा दिसलं. इतका खाली का गेला हा?

आणि मग तिला ऐकू आलं. लाट परत जाताना खडी खळखळते, हा रोजचा आवाज. पण या वेळी खळखळ थांबेना. लांब लांब जात राहिली, जणू कुणी सगळा किनारा पोत्यात भरून ओढत नेतंय. मग आवाज थांबला. समुद्र मागं सरला होता, आणि तो किती मागं सरला ते तिला दिसत नव्हतं.

"वर!" ती ओरडली. "मर्व्ह, वर!"

तिनं पायऱ्यांकडं बघितलं. कुणी नाही. सरळ बघत होती ती, म्हणून कुणी नाही. पण त्या घटकेला एवढा विचार कुणाला सुचतो? तिनं खाली बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यात तपकिरी जाकीट, वाकलेलं, तसंच. हलत नव्हतं.

"अरे वर, मर्व्ह, लाट आलीय."

हलत नव्हतं. त्याला झटका आला, ती मनाशी म्हणाली, पाय अडकला, ऐकूच गेलं नाही. चौदा वर्षांचा नियम होता की हाक मारली की तिनंही वर पळायचं. ती खाली पळाली. एक्काहत्तर वर्षांची बाई, ओल्या खडीवर, दोनदा पडली आणि दोनदा उठली. पाणी घोट्याला लागलं, मग एकदम मांड्यांना, आणि ते इतकं थंड की श्वास आत गेला तो बाहेर येईना. तिनं दोन्ही हातांनी जाकिटाला मिठी मारली.

"चल. ऊठ, राजा, ऊठ. मी धरलंय तुला."

जाकीट गार होतं. बुळबुळीत होतं, आणि त्याला मुळं होती. ती एका बुंध्याला ओढत होती.

पाणी कमरेपर्यंत आलं. बुंधा तिच्या मिठीतच हलला, वळायला लागला, आणि तिला कळलं की हा आता आपल्या अंगावर येणार. सोडावा तर पाणी नेणार, धरावा तर हा चिरडणार. कुठं जावं म्हणून तिनं बघितलं, तर सगळीकडं करडंच.

मग कॉलरला हिसका बसला. कुणीतरी तिला पाठीमागून असं खेचलं की स्वेटरची शिवण उसवली. ती मर्व्हिनवर पडली, मर्व्हिन खडीवर पडला, बुंधा त्यांच्या पायांपासून हातभर अंतरानं गडगडत गेला. दोघं गुडघ्यांवर, हातांवर, मिळेल त्या दगडाला धरून सरपटत वर आली. पायरी हाताला लागली तेव्हा तिला ओकारी झाली, नुसतं खारं पाणी.

मर्व्हिन तिच्या पहिल्या हाकेलाच पळाला होता. नेहमीसारखा, मागं न बघता. आठव्या पायरीवर पोचला आणि रोज सहा-सात खोट्या हाका ऐकायची सवय म्हणून हसत मागं वळला, तर त्याची बायको समुद्रात शिरून एका लाकडाला त्याच्या नावानं हाक मारत होती.

गाडीत त्यानं हीटर लावला. दोघांचे दात वाजत होते.

"ते लाकूड होतं, आर्लिस."

"मला वाटलं तू आहेस."

"मी वर होतो. तुझ्या समोरून गेलो मी पायऱ्यांकडं. दहा पावलांवरून."

"नाही दिसलास."

त्यानं तिचा चेहरा हातानं आपल्याकडं वळवला. ती त्याच्याकडं सरळ बघत होती आणि तिची नजर त्याच्या कानावर कुठंतरी होती. त्याला तेव्हा कळलं असणार, कारण त्याचा हात गळून पडला.

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"डॉक्टर काय म्हणाला होता?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. एकट्यानं जाशील म्हणून भ्याले, प्यायला लागशील म्हणून भ्याले, चिरेचा दगड माझ्या हातून गेला आणि दोष तुला तुझ्यावर घेऊ दिला. आपण ओरडा खाणार असं तिला वाटत होतं, आणि तो तिला हवासुद्धा होता. पण मर्व्हिन ओरडला नाही. तो ऑक्टोबरातल्या सकाळी मोजत होता, मग नोव्हेंबरातल्या, मग डिसेंबरातल्या. ओठ हलत होते त्याचे.

"रोज?" त्यानं विचारलं. "रोज पाठ करून उभा होतो मी, आणि मागं कुणीच बघत नव्हतं?"

"मी होते की मागं."

"हो," तो म्हणाला. "तू होतीस."

त्यानं गिअरला हात घातला, पण गिअर टाकता येईना. जो माणूस चौदा वर्षं समुद्राकडं पाठ करून शिट्टी वाजवत खडे चाटत होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ते एका लाटेनं नव्हे, तर न आलेल्या शंभर लाटांनी.

"घरी जाऊ या," आर्लिस म्हणाली.

"थांब जरा. मला गाडी चालवता येणार नाही."

तो स्टिअरिंगला धरून काचेतून खाली पाण्याकडं बघत बसला. एक लाट येऊन फुटली की तो दचकायचा, आणि लगेच पुढच्या लाटेकडं बघायचा. पापणीसुद्धा लववत नव्हता. तो बघतोय हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं. तिनं डोकं मागं टेकलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा, समुद्र समोर असताना, डोळे मिटून घेतले.